पॅरामेडिक व्हायचंय? मग प्रवेशापासून सुरुवात करू नका

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात मला ठरलेला फोन येतो. "सर, मुलानं पॅरामेडिकलला अ‍ॅडमिशन घेतलंय. तीन वर्षांनी अ‍ॅम्ब्युलन्सवर लागेल ना?" मी विचारतो, कोर्सचं नाव काय? पलीकडे कागद चाळल्याचा आवाज होतो आणि उत्तर येतं, "डीएमएलटी." म्हणजे पॅथॉलॉजी लॅब. मुलगा रक्त-लघवी तपासणार आणि घरच्यांच्या डोळ्यांसमोर सायरन. फी मात्र भरून झालेली असते.

अ‍ॅम्ब्युलन्सवर बरीच वर्षं काढून आता मी शिकवतो, आणि दर वर्षी त्याच चुका त्याच क्रमानं होताना बघतो. मुलं कोर्सपासून सुरू करतात, लसी रुग्णालयातल्या पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात आठवतात आणि नोकरीची जाहिरात सगळ्यात शेवटी वाचतात. खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे. तो तसाच पाळा.

१. आधी शब्द सोडवा: पॅरामेडिकल म्हणजे पॅरामेडिक नव्हे

आपल्याकडे "पॅरामेडिकल" ही मोठी छत्री आहे. तिच्याखाली लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, भूल, डायलिसिस, डोळे असे सगळे तंत्रज्ञ येतात. पॅरामेडिक म्हणजे रुग्णालयाबाहेर, रस्त्यावर, घरात, गाडीत रुग्ण सांभाळणारा माणूस. जाहिरातीत तो बहुतेकदा ईएमटी म्हणून भेटतो, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. केंद्राच्या २०२१च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या परिशिष्टातही इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट ट्रॉमा आणि बर्न केअरच्या गटात आहे. लॅबवाल्यांचा गट वेगळा.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) या पदवीचंही तसंच. त्या एकाच नावाखाली अनेक शाखा आहेत, म्हणून "बीपीएमटीला लागला" या वाक्याला तसा काही अर्थ नाही. कोणत्या शाखेला, ते विचारा.

*तपासा:* प्रवेशपत्रावर, फीच्या पावतीवर आणि गुणपत्रिकेच्या नमुन्यावर शाखेचं नाव एकच आहे का? त्यात इमर्जन्सी हा शब्द नसेल तर तुम्ही दुसऱ्याच रांगेत उभे आहात.

२. दहा जाहिराती गोळा करा

एक वही घ्या आणि सहा रकाने आखा: पदाचं नाव, शिक्षण, नोंदणी, अनुभव, ड्यूटीचे तास, ठिकाण. गेल्या काही महिन्यांतल्या दहा जाहिराती त्यात उतरवा. दोन संध्याकाळींचं काम आहे, पण ते केलेला विद्यार्थी वर्गात पहिल्या दिवशी ओळखू येतो.

यातून सगळ्यात मोठा गैरसमज आपोआप फिटतो. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यात २३३ अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे जास्त उपकरणांच्या, आणि ७०४ बेसिकच्या होत्या. पण आपल्या राज्यात या गाड्यांवर डॉक्टर नेमायची पद्धत पडली. गाडीवर डॉक्टर, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस, आणि सोबत चालक, ज्याला सगळे पायलट म्हणतात. त्यामुळे "ईएमटी केलं की १०८" हे गणित इथं सरळ लागत नाही. जाहिरातीत पद "इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिस ऑफिसर" असेल तर ते डॉक्टरचं पद समजा. १०२ची गाडी मुख्यतः गरोदर माता आणि बाळांची ने-आण करते.

मग ईएमटीला काम कुठं? मोठ्या खासगी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आणि त्यांच्या कार्डियाक अ‍ॅम्ब्युलन्सवर. खासगी अ‍ॅम्ब्युलन्स कंपन्यांत. कारखान्यांत, कारण ५००हून जास्त कामगार असले की अ‍ॅम्ब्युलन्स रूम ठेवावी लागते. चाकण, रांजणगाव, बुटीबोरी या पट्ट्यांत तपास करा. मॅरेथॉन आणि मोठ्या कार्यक्रमांच्या वैद्यकीय पथकांत, पण ते रोजंदारीचं काम. आणि शेजारच्या राज्यांत. गोव्यात १०८ सेवा २००८पासून आहे आणि तिथल्या गाडीवर ईएमटी असतो. सावंतवाडी-दोडामार्गच्या मुलांनी तिकडची जाहिरात जरूर बघावी, फक्त रहिवासी दाखल्याची अट आहे का ते आधी वाचावं.

*सावध:* कंत्राटं बदलतात, ठेकेदार बदलला की पदंही बदलतात. मित्राच्या भावाला चार वर्षांपूर्वी कसं लागलं, यावर जाऊ नका. या महिन्याची जाहिरात बघा.

३. लस आणि पाठीचा कणा: प्रवेशाच्या आधीच

हा टप्पा सगळे गाळतात. हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही रक्ततपासणी करायची. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला तर लस लागली. हिशोब करा: पहिला डोस आणि खात्री यात सात-आठ महिने जातात. जूनमध्ये प्रवेश, ऑक्टोबरात कॅज्युअल्टी पोस्टिंग आणि सप्टेंबरात पहिला डोस, असा विद्यार्थी दर बॅचला निघतो. मग तो उघड्या हातानं सुया उचलायला शिकतो आणि आम्ही देवाचं नाव घेतो. धनुर्वाताची लसही बघून घ्या.

सुई टोचलीच तर? जागा साबण-पाण्यानं धुवायची, पिळायची नाही, लगेच कॅज्युअल्टीत सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध जमल्यास दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. "सिस्टर ओरडतील" म्हणून लपवणारे मी पाहिलेत. ओरडू दे.

आता शरीर. पुण्याच्या पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा गिरगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरचा ऐंशी किलोचा माणूस छातीत दुखतंय म्हणतो. लिफ्ट नाही आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. त्याला चालवत आणायचं नाही. खुर्चीत बसवून, पट्टा बांधून, पायरी-पायरीनं उतरवायचं. खाली असणाऱ्याच्या अंगावर जास्त वजन येतं आणि त्याला मागं बघता येत नाही. हे रोज करायचं तर आतापासून गुडघ्यांतून उठायची सवय लावा. वीस किलोची तांदळाची गोणी छातीशी धरून तीन मजले, आठवड्यातून तीन दिवस. कमरेतून वाकून उचलणारा माणूस या धंद्यात पाच वर्षं टिकत नाही.

*तपासा:* रंग ओळखण्याची आणि नजरेची तपासणी आत्ताच करून घ्या. पुढं वैद्यकीय चाचणीत अडकण्यापेक्षा बरं.

४. कोर्स निवडा, पण ब्रोशर बघून नाही

साधारण चार प्रकार दिसतील. काही महिन्यांचा ईएमटी-बेसिक किंवा अ‍ॅडव्हान्सचा कौशल्य अभ्यासक्रम, एक-दोन वर्षांचा डिप्लोमा, इंटर्नशिप धरून चारेक वर्षांची पदवी आणि पदवीनंतरचा इमर्जन्सी सर्व्हिसेसचा पीजी डिप्लोमा. शेवटच्याला आधीची पदवी लागते आणि ती कोणती, हे संस्थेगणिक बदलतं. बहुतेक ठिकाणी बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, ही किमान अट धरून चाला.

२०२१च्या कायद्यात एक उपयोगी मोजपट्टी आहे: अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी डिप्लोमा किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत पसरलेली हवी. हेल्थकेअर प्रोफेशनलच्या पदवीला किमान ३,६०० तास. तेव्हा "सहा महिन्यांत पॅरामेडिक, शंभर टक्के नोकरी" असा फ्लेक्स दिसला की मनात भागाकार करा. छोटा कौशल्य अभ्यासक्रम वाईट नसतो, गाडीवर मदतनीस म्हणून सुरुवात त्यानं होते. पण त्याला त्याच्याच नावानं ओळखा.

संस्थेत जाऊन हे विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका:

- परीक्षा कोण घेतं आणि प्रमाणपत्रावर कोणाचं नाव येतं?
- राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये या कोर्सवर नोंदणी होते का? मागच्या बॅचमधल्या कोणाची झाली?
- कॅज्युअल्टीचं पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात, किती तास, रात्रपाळी धरून का?
- चालत्या गाडीवर किती फेऱ्या मिळतात?

मग शेवटचं काम. त्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीबाहेर रात्री नऊला अर्धा तास उभे राहा आणि बाहेर आलेल्या मामांना विचारा, अमुक संस्थेची मुलं येतात का इथं? (वॉर्डबॉयना मामा आणि आयाबाईंना मावशी म्हणतात, हे आतापासून लक्षात ठेवा.) मी स्वतः एका संस्थेत नवा असताना सहा महिने फी घेतल्यावर आम्हाला "हॉस्पिटल ट्रेनिंग" म्हणून प्रोजेक्टरवर व्हिडिओ दाखवले गेले. त्या रुग्णालयाच्या मामांनी मला पहिल्याच मिनिटाला खरं सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

*सावध:* मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेतो म्हणणाऱ्या संस्थेकडून लेखी पोच घ्या. विद्यापीठांना आणि त्यांच्या महाविद्यालयांना मूळ कागद पडताळून परत द्यायला यूजीसीनं बजावलेलं आहे.

५. हात बसवा, साध्या गोष्टींवर

प्रत्येक बॅचमध्ये पहिल्या आठवड्यात विचारतात, "सर, इंट्युबेशन कधी?" म्हणजे श्वासनलिकेत नळी घालायला कधी शिकवणार. उत्तर ठरलेलं आहे: बीपी हातानं घेता आलं की. खालचा क्रम मोडू नका.

पहिलं, छाती दाबणं. प्रौढ माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. ३० दाबांमागे २ श्वास. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, थकवा येवो न येवो. नवशिक्यांची चूक किती खोल दाबतात यात नसते, सोडण्यात असते: दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ देत नाहीत, तळहातावर रेलून राहतात. डमीवर शेजाऱ्याला सांगा, माझा हात वर येतो का ते बघ.

दुसरं, बॅग आणि मास्क, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. सोपं दिसतं, पण सगळ्यात जास्त बिघडतं. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. मऊ मांसात रुतवायची नाहीत. जबडा मास्कमध्ये उचलायचा. मास्क तोंडावर दाबायचा नाही. दोघं असाल तर एकानं दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्यानं बॅग. एका सेकंदात, छाती जेमतेम उठेल इतकीच हवा. नाडी आहे पण श्वास नाही, अशा प्रौढाला दर सहा सेकंदांनी एक. घाबरलेला हात दर सेकंदाला पिचकारतो, पोट फुगतं आणि मग उलटी श्वासनलिकेत जाते.

तिसरं, बीपी. चालत्या गाडीत सायरन चालू असताना स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नाही. मनगटाची नाडी धरून कफ फुगवा, नाडी गेली की थोडं आणखी फुगवा, मग हळूहळू हवा सोडा. नाडी पहिल्यांदा बोटाला लागेल तो वरचा आकडा. खालचा मिळणार नाही, तो मनानं लिहूही नका.

चौथं, ऑक्सिजनचा हिशोब. गाडीतला बी टाइप सिलिंडर साधारण १० लिटर पाण्याच्या क्षमतेचा असतो, १५० बारला भरला की सुमारे १,५०० लिटर वायू. म्हणजे दाबाच्या काट्यावरचा आकडा गुणिले दहा. काटा ५० वर आहे? ५०० लिटर. मास्कला मिनिटाला १० लिटर लागले तर ५० मिनिटं, तीही तळ खरवडून. सासवडहून दिवे घाट उतरून पुण्यात संध्याकाळी सात वाजता शिरायचं असेल तर हा सिलिंडर घेऊन निघायचं नाही. दुसरा चढवा, मगच दार लावा.

बेशुद्ध माणसाची साखर तपासणं, नाकातोंडातली घाण ओढणं, हाडाला फळी बांधणं, बाळंतपणात नाळ बांधणं हे सगळं यानंतर. आणि काय करायचं नाही तेही शिका. औषध किंवा मोठी प्रक्रिया डॉक्टरच्या सूचनेवरच. फोनवर सूचना मिळाली तर ती मोठ्यानं परत म्हणून दाखवायची, वेळ लिहायची.

६. पोस्टिंग: लॉगबुकात सही त्याच दिवशी

केस पाहिली, हात लावला, वहीत लिहिलं, पण सही "नंतर घेऊ". महिन्यानं तो डॉक्टर बदलून गेलेला असतो आणि तुमचे चाळीस तास हवेत. ड्यूटी संपायच्या पंधरा मिनिटं आधी सही हा नियम करा.

शिकायचं कोणाकडून? मशीन डॉक्टरांकडून, शिरेत सुई लावणं सिस्टरकडून आणि रुग्ण हलवणं मामांकडून. चादरीवरून स्ट्रेचरवर एका दमात माणूस कसा सरकवायचा, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा मामांना जास्त कळतं. अपघाताचा, विषबाधेचा, भाजलेला रुग्ण एमएलसी, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणारी केस. त्याचे कपडे फेकायचे नाहीत, नोंदीत खाडाखोड करायची नाही. अंगावरचे दागिने आणि पाकीट दोन माणसांसमोर मोजून, यादी करून, सही घेऊन द्यायचं. मंगळसूत्रावरून पोलीस चौकीत बसलेले सहकारी मला माहीत आहेत. त्यांनी काही घेतलं नव्हतं, फक्त यादी केली नव्हती.

*तपासा:* रुग्णाचा फोटो तुमच्या फोनमध्ये आहे का? असेल तर आत्ता काढून टाका. स्टेटसला ठेवलेला एक फोटो नोकरी घालवतो.

७. कागद: नाव एकच हवं

दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं आणि लग्नानंतर पॅनवर तिसरं. नोंदणीच्या वेळी इथंच फाईल अडते. दहावीवरचं नाव पाया धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवा. आडनाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद आधीच करून ठेवा, त्याला वेळ लागतो. आडनाव आधी की शेवटी, हेही सगळीकडे एकसारखं ठेवा. परदेशी जायचा विचार असेल तर याचं महत्त्व दुप्पट, कारण आखातातल्या परवान्यांसाठी कागदांची पडताळणी थेट तुमच्या विद्यापीठाकडून आणि जुन्या मालकाकडून होते. जिथं काम केलं तिथलं अनुभवपत्र लेटरहेडवर, तारखांसह, नोकरी सोडतानाच घ्या. कंपनी नंतर बंद पडते.

बीएलएस आणि एसीएलएस या जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणांची अमेरिकन हार्ट असोसिएशनची कार्डं दोन वर्षं चालतात. पहिल्या वर्षात उत्साहानं काढली तर नोकरी शोधताना संपलेली असतात. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत काढा. कौन्सिलच्या नोंदणीसाठी मात्र निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाका, ती लगेच होत नाही.

८. मुलाखत आणि पहिली पाळी

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: "एक्स्प्रेसवेवर अपघात, माणूस बेशुद्ध. काय कराल?" दहातले आठ जण "सीपीआर देईन" म्हणतात आणि तिथंच संपतात. आधी गाडी कुठं लावाल, मागून येणारी वाहतूक, सांडलेलं पेट्रोल, हातमोजे. मग हाक मारणं, श्वास, नाडी. कोकणात किंवा विदर्भात मुलाखत असेल तर साप येणारच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं आणि करायचं काय: अवयव हलू द्यायचा नाही, अंगठी-बांगड्या काढायच्या, चिरा द्यायचा नाही, करकचून दोरी बांधायची नाही, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात आधी फोन करून न्यायचं. बांधून आणलेली दोरी गाडीत फटकन सोडायची नाही, हे सांगितलंत तर समोरचा मान वर करून बघतो.

रुग्ण सोपवणं अर्ध्या मिनिटात जमलं पाहिजे. आरशासमोर म्हणा: "पंचावन्न वर्षांचे पुरुष. पाऊण तासापासून छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ. मधुमेह आहे. बीपी वरचं शंभर, नाडी एकशे दहा, ऑक्सिजन ब्याण्णव. ऑक्सिजन सात पन्नासला सुरू. डॉक्टरांच्या सूचनेवरून अ‍ॅस्पिरिन दिलं, सात पंचावन्नला. पत्नी बाहेर आहेत." बस. रस्त्यात ट्रॅफिक किती होतं, ते कोणालाही ऐकायचं नसतं.

नेमणूकपत्रावर पदाचं नाव, पाळीचे तास, पीएफ, ईएसआयसी किंवा विमा आहे का ते बघा. "हेल्पर" लिहिलेलं पत्र घेऊन तुम्ही पुढं ईएमटीचा अनुभव दाखवू शकणार नाही.

पहिल्या पाळीला वीस मिनिटं आधी पोहोचा. सिलिंडरची चावी जागेवर आहे का, घाण ओढायचं सक्शन सुरू होतं का, बॅगला लहान मुलांचा मास्क आहे का, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, साखर तपासायच्या पट्ट्यांची मुदत, स्ट्रेचरचं कुलूप. "मागच्या पाळीनं बघितलंय" हे ऐकून घ्या आणि तरी स्वतः बघा. रजिस्टरमध्ये ऑक्सिजनच्या काट्याचा आकडा आणि वेळ लिहून सही करा. मग पायलटकाकांना चहाचं विचारा.